हाचीला कुणी सांगू शकलं नाही, तुमच्या लेकीला सांगता येईल

प्रिय ताई,
आमची मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. घरात भुऱ्या नावाचा कुत्रा आहे. मुलीच्या जन्माआधीच तो आमच्याकडे आला, आता बारा पूर्ण झालाय. मागच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून 'हाची' लावला, मेलेल्या प्राध्यापक मालकाची स्टेशनवर वाट बघत राहणाऱ्या कुत्र्याचा सिनेमा. प्राध्यापक वारतात तिथे मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. मला बघवेना. मी सिनेमा बंद केला आणि सांगितलं, "अगं, शेवटी ते परत येतात, दोघं भेटतात." ती शांत झाली. चार दिवसांनी वर्गातल्या मैत्रिणीने तिला खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक वागते. रात्री तीन-तीनदा उठते आणि भुऱ्याच्या पोटावर हात ठेवून तो श्वास घेतोय ना बघते. "भुऱ्यापण मरणार का?" असं विचारते, तेव्हा मी म्हणते, "आपल्या भुऱ्याला काही होत नाही." धाकट्याचा वेगळाच हट्ट. त्याला हाचीसारखाच कुत्रा हवाय, आणि आजोबांनी कबूलही करून टाकलंय की भुऱ्या गेला की लगेच आणू. नवरा म्हणतो, रडू दे, मन घट्ट होईल. सासूबाई म्हणतात, असले सिनेमे मुलांना दाखवूच नयेत. मी कुणाचं ऐकू?
– दोन मुलांची आई

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचल्यापासून रात्रीच्या अंधारात कुत्र्याच्या पोटावर ठेवलेला तो लहानसा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सिनेमाचं पुढे बोलूच, पण आधी या हाताबद्दल बोलू.

मी नऊ वर्षांची असताना आमच्याकडे मनी नावाची मांजर होती. एक दिवस शाळेतून आले तर ती घरात नव्हती. मोठ्यांनी सांगितलं, "ती तिच्या आईकडे गेली." मी विश्वास ठेवला. रोज संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बशीत दूध ठेवायला लागले, आईकडून परत आली की भूक लागली असेल म्हणून. सकाळी बशी रिकामी असायची. म्हणजे ती रात्री येऊन जाते, फक्त मला भेटत नाही, अशी मी समजूत करून घेतली. मग तिला माझा राग आला असेल का, मी काय चुकले, याचा विचार करत पडून राहायचे. असे आठ महिने गेले. ती बशी रोज रात्री माझे वडील रिकामी करत होते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. माझे डोळे भरून येऊ नयेत म्हणून ते रात्री उठून पायरीवर जायचे. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण त्या प्रेमापायी मी आठ महिने वाट बघत बसले, आणि तीही स्वतःला दोष देत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या मुलीची झोप सिनेमाने उडवलेली नाही. प्राध्यापकांचं मरण बघून ती रडली, हे तिच्या चांगल्या मनाचं लक्षण आहे, आणि तेवढंच असतं तर दोन दिवसांत ती सावरली असती. ती उठते ते तुम्ही दिलेल्या दोन उत्तरांमुळे. पहिलं उत्तर खोटं होतं हे तिला मैत्रिणीकडून कळलं. दुसरं, "भुऱ्याला काही होत नाही", हेही खोटं असणार हे तिने स्वतःच ताडलंय. आता खरं सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती स्वतःच हात लावून बघते.

रागावू नका. त्या क्षणी तुमच्या जागी बहुतेक आयांनी तेच केलं असतं.

आता खऱ्या हाचीची गोष्ट ऐका, कारण ती तुम्हाला मुलीला सांगायची आहे. हाची 1923 च्या नोव्हेंबरात जपानमधल्या ओदाते गावाच्या परिसरात जन्मला. टोकियो इम्पिरियल विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्या घरी तो 1924 साली आला. 21 मे 1925 रोजी प्राध्यापक विद्यापीठातच मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. म्हणजे दोघांचा सहवास जेमतेम दीड वर्षाचासुद्धा नव्हता. त्यानंतरही हाची त्यांची वाट बघत टोकियोतल्या शिबुया स्टेशनवर जात राहिला, तो 8 मार्च 1935 ला मरेपर्यंत. जवळजवळ दहा वर्षं.

सिनेमात सहसा न येणारा एक भाग मुलीला जरूर सांगा. प्राध्यापकांच्या पश्चात हाची उघड्यावर पडला नव्हता. त्यांच्याकडे पूर्वी माळीकाम करणाऱ्या माणसाने त्याला सांभाळलं. सुरुवातीला स्टेशनवरच्या काहींनी त्याला हाकललं, त्रास दिला, हेही खरं. मग 1932 मध्ये त्याची गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि लोक त्याच्यासाठी खाऊ घेऊन येऊ लागले. 1934 मध्ये स्टेशनसमोर त्याचा पुतळा बसवला, तेव्हा हाची स्वतः तिथे हजर होता! मुलांना हे फार आवडतं. सिनेमातला हाची बर्फात एकटा दिसतो, खऱ्या हाचीभोवती माणसं होती.

पण तो दहा वर्षं का गेला? त्याच्या निष्ठेपुढे आपण सगळेच हात जोडतो, मीही जोडते. तरी मला त्या गोष्टीत नेहमी आणखी एक दिसतं, आणि ते आठवलं की पोटात कालवतं. हाचीला कुणी सांगू शकत नव्हतं. त्याच्या भाषेत "ते आता येणार नाहीत" हे वाक्यच नव्हतं. म्हणून तो रोज जात राहिला, जसं मी रोज बशी ठेवत राहिले. तुमच्या मुलीचं तसं नाही. तिच्याकडे भाषा आहे आणि सांगायला आई आहे. एवढं असताना तिला हाचीसारखं ताटकळत ठेवू नका.

कसं सांगायचं? आधी त्या खोट्या शेवटाची कबुली द्या. सरळ म्हणा, "मी तुला सिनेमाचा शेवट खोटा सांगितला. तू रडत होतीस, मला ते बघवलं नाही. पण खोटं सांगायला नको होतं." पुढे "पण", "तरी" जोडू नका. आठ वर्षांच्या मुलाला आईची माफी कळते, आणि ती मिळाल्याशिवाय पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही.

मग तिचा प्रश्न. "हो, भुऱ्यापण एक दिवस मरणार. तो आता म्हातारा झालाय. कधी ते मला माहीत नाही. आज तो बरा आहे. काही बदललं, तो आजारी पडला, तर मी तुझ्यापासून लपवणार नाही." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, कारण तेच तिला रात्री झोपू देईल. घरात काही बिघडलं तर आपल्याला कळवलं जाईल, याची खात्री असलेलं मूल पहारा द्यायला उठत नाही.

शब्दांबाबत मात्र सांभाळा. आपल्या भाषेत मरणाला आपण 'गेला' म्हणतो, आणि दुकानात जाणारा माणूसही 'गेला'च असतो. मोठ्यांना दोन्हींतला फरक आवाजावरून कळतो. पाच वर्षांच्या मुलाला 'गेला' म्हटलं की तो विचारणारच, "कधी येणार?" 'देवाघरी गेला' हा आपल्या सगळ्यांच्या तोंडातला शब्द, श्रद्धेने म्हणत असाल तर जरूर म्हणा, पण त्याआधी 'मेला' हा साधा शब्द एकदा येऊ द्या. मेला म्हणजे त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि तो परत येत नाही. 'झोपला' तर अजिबात नको. म्हाताऱ्या, दुखणाईत प्राण्याला डॉक्टर इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देतात, त्यालाही घरोघरी 'झोपवलं' म्हणतात. ते ऐकलेलं मूल पुढे स्वतः झोपायला घाबरू शकतं.

दोन्ही मुलांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगायला बसू नका. मरण कायमचं असतं, ते सगळ्या जिवांना येतं आणि मेल्यावर शरीराचं काम थांबतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमजत जातात. तुमची मुलगी ती पायरी ओलांडून आली आहे. धाकटा अजून पायरीवरच आहे. तो आज सगळं ऐकून घेईल आणि परवा पुन्हा विचारेल, "मग भुऱ्या मेल्यावर माझ्या वाढदिवसाला येईल ना?" त्याने ऐकलं नाही असं समजू नका. तेच उत्तर, त्याच शब्दांत, न कंटाळता पुन्हा द्या.

आता घरातल्या भांडणाबद्दल. तुमच्या नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. रडू द्यावं, पण एकटीला नाही. सिनेमातलं दुःख मुलांना उपयोगी पडतं ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसामुळे. खांद्याला खांदा लावून बसलेलं कुणी असेल, आणि पडदा काळा झाल्यावर ते लगेच उठून कामाला लागणार नसेल, तर मूल पहिलं मरण सुरक्षित जागी बघतं. घरातलं खरं मरण येतं तेव्हा ते अगदीच अनोळखी राहत नाही. एकट्याने रडून मन घट्ट झालं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते नुसतं मिटलेलं असतं.

सासूबाईंचंही अर्धं बरोबर. सगळे प्राणीपट सगळ्या वयांसाठी नसतात, आणि प्रमाणपत्र बघून काही कळत नाही. 2009 च्या 'हाची'ला अमेरिकेत 'जी', म्हणजे सर्व वयांना चालेल असं प्रमाणपत्र होतं. खरंच त्यात मारामारी नाही, शिवी नाही. पण काळजाला किती घरं पडतील, हे कुठलंच मंडळ मोजत नाही. ते घरच्यांनाच बघावं लागतं. आधी एकदा स्वतः सिनेमा बघा. तेवढा वेळ नसेल तर 'डझ द डॉग डाय' नावाचं एक संकेतस्थळ आहे, त्यावर सिनेमातला कुत्रा मरतो का, हे प्रेक्षकांनी नोंदवून ठेवलेलं असतं. त्याच्या नावातच सगळ्या आयांचा प्रश्न आहे.

मुलीशी बोलणं झालं आणि ती थोडी निवली की एखाद्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या वेळी, 'हाची' जिथे बंद केला होतात तिथून पुढे लावा. तिची तयारी असेल तरच. रात्री नको. आधी तिला शेवट सांगून टाका, म्हणजे धास्तीने बघायला नको. तुम्ही बंद केल्यामुळे तिला एक गोष्ट दिसलीच नाही. अगदी शेवटी म्हातारा हाची बर्फात डोळे मिटतो, आणि त्याच्या मनात स्टेशनचं दार उघडून प्राध्यापक बाहेर येतात. म्हणजे तुम्ही सांगितलेली भेट त्या सिनेमात आहे, फक्त ती हाचीच्या मनात घडते. खरं काय आणि मनातलं काय, हे आठ वर्षांच्या मुलीला छान कळतं. दोन्ही एकाच वेळी जवळ बाळगता येतात, हे तिला त्यातून कळू दे.

त्याच दिवशी तिला एक फोटोही दाखवा. शिबुयाचा पुतळा सगळ्यांना माहीत आहे, तो एकट्या, बसून राहिलेल्या हाचीचा. पण 8 मार्च 2015 ला, हाचीच्या मृत्यूला बरोबर 80 वर्षं झाली त्या दिवशी, टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागाच्या आवारात दुसरा पुतळा उभा राहिला. त्यात प्राध्यापक कामावरून परत आलेत, आणि हाची मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर उडी घेतोय. प्राध्यापक हसतायत. तुम्ही घाईघाईत जो शेवट सांगितलात तोच लोकांनी कांस्यात घडवला, कारण त्यांनाही तो हवा होता. फरक इतकाच की दोघंही मेलेत हे सगळ्यांना माहीत असताना तो घडवला. तुमच्या लेकीला हा फरक समजावून सांगायची गरज पडणार नाही.

सिनेमा संपल्यावर आणखी एक करा. पडद्यामागचं सांगा. त्या सिनेमातला मोठा हाची एक कुत्रा नव्हता, अकिता या जपानी जातीच्या तीन कुत्र्यांनी मिळून ते काम केलं. 2008 च्या 'मार्ली अँड मी'मधला एक मार्ली म्हणजे 22 वेगवेगळे लॅब्रॅडॉर! कॅमेऱ्याच्या शेजारी प्रशिक्षक हातात खाऊ घेऊन उभा असतो, आणि कुत्रा ज्याच्याकडे इतक्या आशेने बघतो तो बहुतेक वेळा हाच माणूस. पुढच्या दृश्यात रिकामं स्टेशन जोडलं की आपल्याला कुत्र्याच्या डोळ्यांत विरह दिसतो. यात फसवणूक नाही, ती जोडणीची कला आहे. आणि मुलीने विचारलं, "मग भुऱ्या माझ्याकडे बघतो तेही खोटंच?", तर सांगा की नाही. जपानच्याच संशोधकांनी 2015 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्या जवळिकीत असतं तेच हे संप्रेरक.

आता त्या रात्रीच्या हाताकडे परत येते. इथे तुमच्याशी थोडं कडक बोलायला हवं, कारण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येतं, कमी दिसतं, सांधे दुखत असतात. गाढ झोपेत अचानक पोटावर हात पडला तर भुऱ्यासारखा जन्माचा गरीब कुत्राही दचकून चावू शकतो. त्याचा दोष नसेल, पण मुलीचा हात जायबंदी होईल, आणि तिच्या मनात जे तुटेल ते सांधायला वर्षं लागतील. प्राणीपट इथे आपल्याला चुकीचं शिकवतात. त्यांत मुलं कुत्र्याच्या गळ्याला मिठ्या मारतात, त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपतात, आणि कुत्रा सगळं सोसतो. खऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना मिठी नकोशी वाटते. ते सांगतातही: तोंड बाजूला वळवतात, झोप आलेली नसताना जांभई देतात, ओठ चाटतात, डोळ्यांचं पांढरं दाखवतात. हे चारही मुलांना खेळासारखं शिकवा. "भुऱ्या आत्ता काय म्हणाला?" असं विचारत जा. कुत्र्याचं बोलणं ओळखता आलं की मिठीची गरजही कमी होते.

मुलीला म्हणा, "रात्रीचा पहारा माझा. मी झोपायच्या आधी त्याला बघणार, पहाटे उठल्यावर बघणार. तू झोप." हे म्हटलंत की खरंच बघा, कारण ती विचारणार आहे.

आणि तिला तिचं स्वतःचं काम द्या. म्हाताऱ्या कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजून ठेवायला पशुवैद्य सांगतात, तेच तिच्याकडे सोपवा. संध्याकाळी भुऱ्या शांत झोपला की तुम्ही दोघींनी चार हात लांब बसायचं. हात लावायचा नाही. छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजायचं, दुप्पट करायचं, वहीत तारीख घालून लिहायचं. निवांत झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला 30 च्या आत असतात. पुन्हा पुन्हा त्याहून जास्त भरायला लागले तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि तो तुम्ही करायचा. दिवसातून एकदाच, तुमच्यासोबत. दोनदा मोजू म्हणाली तर नाही म्हणा, नाहीतर काळजीला आपणच खतपाणी घालू. पण एकदा मोजलेला आकडा समोर असला की अंधारातली भीती बरीच खाली बसते. मी हे दोन घरांत पाहिलंय. एका घरातल्या मुलाने तर वहीच्या मागच्या पानांवर कुत्र्याला कधी स्वप्नं पडली, पाय कधी हलले, तेही लिहून ठेवलं होतं.

भुऱ्याला वर्षातून एकदा तपासून घेत असाल तर या वयात ते दोनदा करा, आणि एखाद्या वेळी मुलीला सोबत न्या. डॉक्टरांना तिला प्रश्न विचारू द्या. याउपर महिनाभरात तिची झोप सुधारली नाही, जेवण कमी झालं, शाळेत जायला नको म्हणाली, तर मुलांच्या समुपदेशकाला भेटा. त्यात कमीपणा मानू नका.

आजोबांशी मात्र बोलावंच लागेल, आणि लवकर. "भुऱ्या गेला की नवा आणू" हे त्यांनी नातवाच्या मायेपोटी म्हटलं असणार. पण मुलगी काय ऐकते? कुणीही गेलं तरी त्या जागी लगेच दुसरं ठेवता येतं. आणि धाकटा काय ऐकतो? भुऱ्या लवकर गेला तर बरं! पाच वर्षांच्या मुलाच्या मनात असा विचार येऊन जातो. मग भुऱ्या खरंच गेला, तर आपल्या इच्छेमुळेच गेला, असं ते धरून बसतं. हे ओझं त्याच्या डोक्यावर नको. आजोबांना म्हणावं, नव्या पिल्लाचा विषय भुऱ्या असेपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने काढायचा नाही.

आणि पुढे कधी आणलंच, तर सिनेमा बघून जात निवडू नका. ही चूक शंभरेक वर्षं चालू आहे. 2014 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात 1927 ते 2004 मधले कुत्र्यांचे 87 सिनेमे आणि अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदणीचे आकडे ताडून पाहिले होते. सिनेमा गाजला की त्यातल्या जातीची मागणी वाढते, आणि हा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, असं त्यातून दिसलं. 1943 च्या 'लॅसी कम होम'नंतर पुढच्या दोन वर्षांत कॉली जातीची नोंदणी 40 टक्क्यांनी वाढली होती. तेवढ्या लोकांना कॉली नको होता, त्यांना लॅसी हवी होती. गंमत अशी, की पडद्यावरची ती लाडकी लॅसी म्हणजे 'पाल' नावाचा नर कुत्रा होता. अकिता हा मोठा, ताकदवान, अनोळखी माणसांपासून अंतर ठेवणारा कुत्रा आहे, दुसरे कुत्रे त्याला सहज चालत नाहीत, आणि त्याला हाताळायला अनुभवी माणूस लागतो. पाच वर्षांच्या मुलाचा पहिला कुत्रा म्हणून मी तो कधीही सुचवणार नाही. हाची हाची झाला तो जातीमुळे नाही. एका माणसाने त्याला रोज वेळ दिला म्हणून झाला. धाकट्याला हे असं सांगा: "हाचीसारखा कुत्रा हवा ना? मग आधी प्राध्यापकांसारखा माणूस व्हायचं. भुऱ्याचं पाण्याचं भांडं उद्यापासून तू भरायचं."

पुढे कुठले सिनेमे बघावेत, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाईंना उत्तर द्यायला लागेल म्हणून सांगते. आत्ता लावावा असा एकच: 1993 चा 'होमवर्ड बाउंड'. दोन कुत्रे आणि एक मांजर घर शोधत निघतात. त्यातला शॅडो हा म्हातारा गोल्डन रिट्रीव्हर शेवटाकडे खड्ड्यात पडतो आणि आता आपल्याच्याने होणार नाही म्हणतो. बाकीचे दोघं घरी पोचतात, पोरगं डोळे लावून उभं राहतं, तो काही दिसत नाही. आणि मग टेकाडावरून लंगडत लंगडत शॅडो येतो. म्हातारपण, भीती आणि भेट हे तिन्ही त्यात आहे. शॅडो वाचतो हे मुलीला आधी सांगून ठेवा.

'मार्ली' आणि कन्नडमधला 2022 चा '777 चार्ली' दोन-तीन वर्षं थांबू द्या. दोन्ही फार मनापासून केलेले आहेत, पण दोन्हींत आजारपण आणि शेवट अगदी जवळून दिसतो. 1957 चा 'ओल्ड येलर' त्याहूनही नंतर. त्यात पिसाळलेल्या कुत्र्याला पोरालाच गोळी घालावी लागते. ते सोसायला मूल पुरेसं मोठं व्हायला हवं. 'फ्रँकनवीनी' हा टिम बर्टनचा कृष्णधवल सिनेमा मला स्वतःला खूप आवडतो, तरी तुमच्या घरात तो आत्ता नको. त्यात मेलेला कुत्रा पुन्हा जिवंत होतो, आणि तुम्ही नेमकं याच्या उलट सांगायला बसला आहात.

शेवटी तुमच्याबद्दल. भुऱ्या मुलीच्याही आधी तुमचा होता. सिनेमा बंद करणारा हात मुलीसाठी उठला खरा, पण मला वाटतं त्या क्षणी तुम्हालाही पुढचं बघायचं नव्हतं. मुलीला खरं सांगताना तुमचा आवाज भरून आला तर येऊ द्या, थांबा, पाणी प्या, पुन्हा बोला. आई रडली आणि तरी बोलत राहिली, हे तिला दिसलं तर चांगलंच आहे.

पहिल्या आठवड्याची वही भरली की मला कळवा. भुऱ्याचे श्वास किती भरले, तेही लिहा.

तुमची,
ताई